सिंगापूर ते न्यूयॉर्क: १५,३४९ किमी की १६,७०० किमी? आणि वेळ नक्की कसा काढायचा?

दूरदेशी

गेले काही दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातली सर्वांत लांब पल्ल्याची विनाथांबा प्रवासी सेवा म्हणून ओळखली जाते. अंतर सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर सिंगापूर आणि जेएफके ही दोन नावं टाका, उत्तर येतं १५,३४९ किमी. पण २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूअर्कची सेवा पुन्हा सुरू करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी स्वतः दिलेला आकडा होता सुमारे १६,७०० किमी, आणि वेळ पावणेएकोणीस तासांपर्यंत. न्यूअर्क आणि जेएफके एकाच महानगराचे विमानतळ, त्यांच्यात तीस-पस्तीस किमीचा फरक. मग हे वरचे साडेतेराशे किलोमीटर आले कुठून?

वेळेचंही तेच. बहुतेक संकेतस्थळं अंतराला ताशी ८०० किंवा ९०० ने भागून मोकळी होतात. १५,३४९ भागिले ९०० म्हणजे जेमतेम १७ तास. तिकिटावर मात्र पावणेएकोणीस. आणि संकेतस्थळावरची रेषा थेट उत्तर ध्रुवाकडे जाते, पण विमानातल्या पडद्यावर मार्ग दिसतो जपानच्या बाजूने, पॅसिफिकवरून.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. घाई अजिबात नाही.

---

गणितवेडी

१५,३४९ हा आकडा बरोबर आहे, आणि या दोन शहरांच्या बाबतीत तो कागद-पेन्सिलने पडताळता येतो. ही सोय फार थोड्या जोड्यांना मिळते, म्हणून पूर्ण मांडते.

सिंगापूरचा विमानतळ साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर. जेएफके ७३.८ अंश पश्चिम. बेरीज १७७.८, म्हणजे जवळपास १८०. दोन्ही शहरं एकमेकांच्या समोरासमोरच्या रेखांशांवर बसली आहेत. अशा वेळी पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सर्वांत जवळची वाट ध्रुवाला लागूनच जाते. आता नुसतं अक्षांश मोजा. सिंगापूर १.४ उत्तर, तिथून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश. न्यूयॉर्क ४०.६ उत्तर, ध्रुवापासून तिथपर्यंत ४९.४ अंश. एकूण १३८ अंश. एका अंशाला सरासरी १११.२ किमी धरले की १५,३४५ च्या आसपास उत्तर येतं. उरलेला चार किलोमीटरचा फरक मुख्यतः पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवावर ६,३५७.

ही वाट म्हणजे ग्रेट सर्कल, मराठीत बृहद्वृत्त. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. तो जिथून जाईल तीच ती वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, कारण तो नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये त्याने तो समुद्रप्रवासासाठी बनवला. त्यावर कंपासाची एकच दिशा धरून काढलेली वाट सरळ रेषेत येते आणि खलाशांना तेच हवं होतं. त्याची किंमत म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य फुगतात. क्षेत्रफळात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे, पण त्या नकाशावर दोघं जवळजवळ सारखे दिसतात. तेव्हा सपाट नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर कधीही मोजू नका.

विमान प्रत्यक्ष त्या वाटेने का जात नाही, हे मात्र त्या क्षेत्रातल्या कुणीतरी सांगावं.

---

पश्चिमवारा

मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाची वाट आणि इंधन ठरवणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो.

दूरदेशी, तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. १५,३४९ हे जमिनीवरचं अंतर. विमानाला मोजावं लागतं हवेतलं अंतर. फ्लाइट प्लॅन करताना आमच्यापुढे प्रश्न असतो तो असा: कुठल्या वाटेने गेलं तर विमान हवेतून सर्वांत कमी सरकेल आणि तरी तिथे पोचेल?

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ए३५० सारखं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातं; त्या उंचीवर तापमान उणे ५५ च्या आसपास असतं, तिथे हे ताशी साधारण ९०० किमी भरतं. पण ती हवा स्वतःच वाहत असते. नदीत होडी वल्हवणाऱ्याला जे कळतं तेच इथे लागू पडतं: वल्ह्याचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर गेलं तर काठ भराभर मागे पडतो.

मध्य अक्षांशांवर, ९ ते १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात, ते जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानवरचा पट्टा जगातल्या सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. ताशी ३०० किमीच्या पुढे जाणं त्याला नवीन नाही. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. पण त्याने अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून गेली, तेव्हा त्याच वाऱ्याने त्यांचे हिशेब चुकवले.

सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाताना पॅसिफिकवरून गेलं की तोच वारा पाठीशी मिळतो. हजारभर किलोमीटर जास्त उडूनही वेळ आणि इंधन वाचतं. १६,७०० चा आकडा अशाच वाटेचा आहे.

---

नवखा प्रवासी

एक प्रश्न बरेच दिवस विचारायचा होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला गाव स्वतःहून जवळ यायला हवं ना? तरी पश्चिमेचा प्रवासच लांबतो, हे कसं?

---

गणितवेडी

नवखा, पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरते. पण तुम्ही, धावपट्टीवरचं विमान आणि भोवतालची हवा, तिघंही तिच्याबरोबर त्याच वेगाने फिरत असता. विमान उडालं म्हणून तो वेग गळून पडत नाही. हवा जर पृथ्वीबरोबर फिरली नसती, तर विषुववृत्तावर उभं राहिल्यावर अंगावर ताशी १,६७० किमीचा वारा आला असता.

फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवळणाने. विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातून हे पश्चिमेकडून येणारे वारे बनतात. म्हणजे फिरण्याचा फायदा पूर्वेकडे जाणाऱ्याला मिळतो, तुमच्या अपेक्षेच्या बरोबर उलटा.

---

नवखा प्रवासी

आता कळलं. मनापासून आभार.

---

उत्तररेषा

पश्चिमवारा, वाऱ्याबद्दलचं पटलं, पण सगळं वाऱ्यावर टाकू नये असं मला वाटतं. ध्रुवाची वाट वापरली जात नाही याची इतर कारणंही तितकीच भक्कम आहेत.

गणितवेडींनी सांगितलेली रेषा नकाशावर ओढून पाहिली. थायलंडचं आखात, लाओस, चीनमधला सिचुआन, मंगोलिया, बैकल सरोवराच्या पश्चिमेकडून सैबेरिया, मग आर्क्टिक, आणि पलीकडे कॅनडाच्या उत्तरेची बेटं आणि क्युबेक. यातला सिचुआनचा पश्चिम भाग म्हणजे तिबेटच्या पठाराची कड. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकरात लवकर दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, आणि तिथे कित्येक डोंगरच त्याहून उंच आहेत. त्यामुळे अशा भागावरून जायचं तर सुटकेच्या वाटा आणि जादा ऑक्सिजन, दोन्हींची आधी तयारी लागते.

पुढे रशिया. २०२२ पासून रशियाची हवाई हद्द अनेक देशांच्या कंपन्यांना बंद आहे. याचा परिणाम पाहायचा तर हेलसिंकी–टोकियो पाहा. जमिनीवरचं अंतर आठ हजार किमीहूनही कमी. सैबेरियावरून जायचं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. मार्च २०२२ मध्ये फिनएअरने हीच सेवा रशियाला वळसा घालून पुन्हा सुरू केली तेव्हा वेळ झाला सुमारे १३ तास. शहरं तीच, विमानही तेच, आणि साडेतीन तास वाढले ते केवळ सरहद्दीमुळे.

शीतयुद्धातही असंच होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो सेवा अलास्कातल्या अँकरेजमार्गे, ध्रुवावरून सुरू केली. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी–टोकियो विनाथांबा उडवलं, तेही ध्रुवावरून, कारण सोव्हिएत हद्द टाळायची होती. जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांना पुन्हा तीच वाट धरावी लागली.

---

पश्चिमवारा

उत्तररेषा, तुमचा मुद्दा मान्य. हवाई हद्द बंद असेल तर वारा कितीही चांगला असला तरी तो आमच्या कामाचा नाही. ध्रुवाबद्दल तुमच्या यादीत भर घालतो. ७८ अंश उत्तरेच्या पलीकडे जायचं तर अमेरिकन नियमांनुसार वेगळी तयारी दाखवावी लागते: आणीबाणीत कुठे उतरणार, प्रवाशांना तिथून कसं काढणार, सौर वादळात रेडिओ बंद पडला तर काय. शिवाय इंधनाचं तापमान. जेट ए-१ हे विमानाचं इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं, आणि पंखातलं इंधन तासन्‌तास थंडीत राहून त्या दिशेने सरकत असतं. वैमानिक त्या आकड्यावर लक्ष ठेवून असतात. गरज पडली तर खाली उतरून किंवा वेग वाढवून ते इंधन थोडं गरम राखतात.

तरीही ध्रुव काही निषिद्ध नाही. जुलै १९९८ मध्ये कॅथे पॅसिफिकचं विमान न्यूयॉर्कहून हाँगकाँगला ध्रुवावरून विनाथांबा आलं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या फक्त महिला वैमानिक असलेल्या चमूने सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू हे पहिलं उड्डाण ध्रुवावरून केलं. जमिनीवरचं अंतर चौदा हजार किमीच्या जवळ, वेळ सुमारे १७ तास.

पण वारा दुय्यम आहे, हे मला मान्य होणार नाही. ऑक्टोबर २०१६ मधलं एअर इंडियाचंच उदाहरण घ्या. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा तोवर पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. त्यांनी ती पूर्वेकडे वळवली, पॅसिफिकवरून. अंतर वाढून झालं सुमारे १५,३०० किमी आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा दोनेक तास कमी. भागाकार करून पाहा: जमिनीच्या हिशेबाने सरासरी ताशी १,०५५ किमी. इंजिनांनी काही जास्त केलं नाही, वरचा सगळा वेग वाऱ्याचा. तेव्हा रशियाची हद्द खुली होती, म्हणून हा फरक सरहद्दीच्या खात्यावर टाकता येत नाही.

---

उत्तररेषा

हे उदाहरण माहीत नव्हतं. १,४०० किमी जास्त उडून दोन तास वाचतात, हे पाहिल्यावर वाऱ्याचं वजन मान्य करावंच लागेल. परतीचं काय पण? तोच वारा तेव्हा समोरून येणार. जाताना मिळालं ते येताना गेलं, म्हणजे हिशेब फिटला का?

---

गणितवेडी

फिटत नाही, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम आकडे देते. ९,००० किमीचा प्रवास, विमान ताशी ९००. वारा नसेल तर जाणं १० तास, येणं १० तास. आता ताशी १०० किमीचा वारा धरा. पाठीशी असताना वेग १,०००, वेळ ९ तास. समोरून असताना वेग ८००, वेळ सव्वाअकरा तास. बेरीज सव्वावीस. वाचला एक तास, गेला सव्वा. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्याहून मोठं. वारा जितका जोरदार, तितका हा फरक वाढत जातो.

---

पश्चिमवारा

अगदी बरोबर. आणि म्हणूनच येताना त्याच वाटेने यायचं नसतं. न्यूयॉर्क–सिंगापूर परतीचं विमान पुष्कळदा न्यूयॉर्कहूनही पूर्वेकडेच निघतं: अटलांटिक, युरोप, मग आशियावरून खाली सिंगापूर. शहरं समोरासमोरच्या रेखांशांवर असल्याने दोन्ही बाजूंनी अंतर फार वेगळं पडत नाही आणि वारा दोन्ही वेळेस पाठीशी घेता येतो. जाऊन-येऊन विमानाची पृथ्वीप्रदक्षिणा होते! वाट रोज एकच नसते, हेही लक्षात ठेवा. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन जागतिक केंद्रांकडून वाऱ्याचे अंदाज दर सहा तासांनी येतात. त्यावर प्रत्येक उड्डाणाची वाट नव्याने काढली जाते.

आता वेळेचा हिशेब. १६,५०० किमीची वाट धरा, सरासरी ५० किमीचा वारा पाठीशी, म्हणजे ताशी ९५०. साडेसतरा तासांच्या जवळ. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची पंचवीसेक मिनिटं. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणून दोन्हीकडे जमिनीवर रांगायचा वेळ आणि गर्दीत घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याची तजवीज, मिळून पाऊण तास. आला अठरा तास चाळीस मिनिटांच्या आसपास.

वेळापत्रक मोसमाच्या सरासरीवर बांधलेलं असतं, त्यामुळे विमान अर्धा-पाऊण तास आधी टेकलं तर वैमानिकाने ते पळवलं असं समजू नका. वारा चांगला मिळाला, एवढंच.

---

सांजप्रवासी

सगळं वाचत होते, फार छान चाललंय. माझा प्रश्न इंधनाचा. एवढं इंधन नेतात कसं, आणि मध्ये उतरून भरून घेतलं तर स्वस्त नाही का पडणार?

---

पश्चिमवारा

हा या धाग्यातला माझ्या आवडीचा भाग आहे. या मार्गावरचं ए३५०-९०० यूएलआर (अतिलांब पल्ल्यासाठीचा प्रकार) १,६५,००० लिटर इंधन घेऊ शकतं. म्हणजे टाक्या भरल्या तर १३० टनांहून जास्त. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. म्हणजे जवळजवळ अर्धं वजन नुसत्या इंधनाचं. सुरुवातीच्या तासांत जळणारं इंधन हे मोठ्या प्रमाणात शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यासाठीच जळतं. जड विमान उंच जाऊ शकत नाही, म्हणून आधी खालच्या पातळीवर उडतं आणि हलकं होत जाईल तसं पायरीपायरीने वर चढतं. या विमानात फक्त १६१ आसनं आहेत आणि साधा वर्ग नाहीच. पुढची सामानाची कोठीही वापरात नाही. याच मार्गावर २००४ पासून चार इंजिनांचं ए३४०-५०० उडायचं. इंधन परवडेना म्हणून २०१३ मध्ये सेवा थांबली. ती पाच वर्षांनी परत आली ती दोन इंजिनांच्या काटकसरी विमानामुळे.

मध्ये थांबलं तर? अंतर फारसं वाढत नाही, हे बहुतेकांना खरं वाटत नाही. टोकियोमार्गे सुमारे १६,२०० किमी, फ्रँकफर्टमार्गे सुमारे १६,५००. जमिनीवरच्या १५,३४९ च्या तुलनेत आठशे ते अकराशे किमी जास्त, आणि विनाथांबा विमान प्रत्यक्षात जेवढं उडतं त्याच्याशी हे आकडे जवळजवळ बरोबरीचे. शिवाय दोन टप्प्यांत विमान हलकं राहतं, माणसं जास्त बसतात. वेळ मात्र जातोच: उतरणं, इंधन भरणं, पुन्हा चढणं यात सहज दोन-तीन तास. विनाथांबा तिकीट घेणारा त्या तासांचे पैसे मोजत असतो.

---

सांजप्रवासी

आणि तारखांचा गोंधळ? तिकिटावर जाताना काही तासांतच पोचल्यासारखं दिसतं आणि येताना मधला एक अख्खा दिवस गायब होतो. घरच्यांना कधी न्यायला या सांगायचं, तेच कळत नाही.

---

गणितवेडी

एकच पद्धत वापरा: सगळं आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत आणा. सिंगापूर त्याच्या ८ तास पुढे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात ४ तास मागे, हिवाळ्यात ५.

समजा सोमवारी रात्री ११:३० ला सिंगापूरहून निघालात. यूटीसीत सोमवारी दुपारी ३:३०. त्यात १८ तास ४५ मिनिटं मिळवा: मंगळवारी सकाळी १०:१५. उन्हाळा असेल तर ४ वजा, न्यूयॉर्कला मंगळवारी सकाळी ६:१५. घड्याळाकडे पाहिलं तर पावणेसात तासांत पोचलात. येताना सोमवारी रात्री १०:३० ला न्यूयॉर्क सोडलं तर यूटीसीत मंगळवारी पहाटे २:३०. तितकाच वेळ धरा, मंगळवारी रात्री ९:१५. त्यात ८ मिळवले की सिंगापूरला बुधवारी पहाटे ५:१५. घड्याळाने पावणेएकतीस तास. प्रवास दोन्ही वेळा तेवढाच.

विमान पॅसिफिकवरून गेलं की अटलांटिकवरून, वाररेषा ओलांडली की नाही, याचा या उत्तराशी काही संबंध नाही. घरच्यांना पोचण्याची स्थानिक वेळ आणि वार, दोन्ही लिहून द्या. हिवाळ्यात न्यूयॉर्कचा फरक एका तासाने बदलतो, तेवढं तपासून घ्या.

---

दूरदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शेवटची शंका: यापेक्षा लांबचं उड्डाण शक्य आहे का, की इथेच मर्यादा आली?

---

पश्चिमवारा

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी, म्हणजे कुठल्याही दोन ठिकाणांमधलं जमिनीवरचं सर्वांत जास्त अंतर २०,००० च्या आसपास. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२०० एलआर हाँगकाँगहून पूर्वेकडून लंडनला गेलं: २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं, कुठेही न उतरता. पण त्यात भरलेल्या आसनांचा प्रश्न नव्हता, जेमतेम काही माणसं होती. क्वांटासने २०१९ मध्ये न्यूयॉर्क–सिडनी आणि लंडन–सिडनी अशी प्रत्येकी एकोणीस तासांहून जास्त वेळाची चाचणी उड्डाणं केली, तीही पन्नासेक लोकांना घेऊन. सिडनी–लंडन सुमारे १७,००० किमी. त्यासाठी त्यांनी जास्त इंधन नेणारं ए३५०-१००० मागवलं आहे. तांत्रिकदृष्ट्या मर्यादा आलेली नाही. पुरेसे प्रवासी घेऊन, समोरच्या वाऱ्यातही, राखीव इंधनासह रोज पोचायचं, हे अवघड आहे.